एक बस की तीन? आधी टप्पे मोजा

छोटा प्रोसेसर रचायला घेतला की पहिल्याच आकृतीत प्रश्न उभा राहतो: सगळे रजिस्टर (संख्या तात्पुरत्या ठेवायच्या छोट्या जागा) आणि एएलयू (आकडेमोड करणारा भाग) एकाच बसला, म्हणजे संख्या वाहून नेणाऱ्या तारांच्या जुडग्याला जोडायचे, की तीन बस ओढायच्या? मी आधी एका साध्या बेरजेचे टप्पे मोजायला सांगेन.

आर१ आणि आर२ या रजिस्टरांतल्या संख्यांची बेरीज आर३ मध्ये ठेवायची आहे. एका बसवरून एका वेळी एकच संख्या जाते. म्हणून पहिल्या टप्प्यात आर१ मधली संख्या एएलयूच्या तोंडाशी असलेल्या वाय या तात्पुरत्या रजिस्टरमध्ये थांबते. दुसऱ्यात आर२ ची संख्या बसवर येते आणि बेरीज होते, पण बस अजून अडलेलीच असल्याने उत्तर झेड या आणखी एका तात्पुरत्या रजिस्टरमध्ये ठेवावं लागतं. तिसऱ्यात ते आर३ मध्ये पोचतं. तीन बस असल्या की दोन्ही संख्या एकदम आत जातात आणि उत्तर तिसऱ्या बसवरून थेट आर३ मध्ये. एका टप्प्यात काम संपलं, वाय-झेडही गेले.

मग वेग तिप्पट झाला का? नाही, हिशेब इथेच चुकतो. सूचना मेमरीतून आणायला दोन्हीकडे साधारण तीन टप्पे लागतातच, म्हणजे सहाचे चार झाले. मेमरी मंद असेल तर हा फायदा आणखी पातळ होतो.

बदल्यात ३२ बिटांच्या रचनेत डेटाच्या ३२ तारांच्या ९६ होतात, आणि रजिस्टर फाइलला (रजिस्टरांच्या संचाला) दोन रीड पोर्ट, म्हणजे एकाच वेळी वाचायच्या दोन वाटा लागतात. एका बसचं सुख असं की चूक शोधताना त्या एकाच बसवर नजर ठेवली तरी बहुतेक सगळी देवाणघेवाण दिसते. शिकताना हे फार मोलाचं आहे.

पूर्ण यंत्राच्या पातळीवरही हाच पेच येतो. १९७० च्या पीडीपी-११ या संगणकात प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणं युनिबस नावाच्या एकाच बसवर होती. उपकरणांनाही मेमरीसारखेच पत्ते, त्यामुळे इनपुट-आउटपुटच्या वेगळ्या सूचनाच लागत नव्हत्या. केवढी देखणी सोय! पण पुढे पीडीपी-११/७० मध्ये मेमरीला वेगळी वाट द्यावी लागली.

पहिलीच रचना असेल किंवा मेमरी मंद असेल, तर एक बस घ्या. कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) असेल आणि आकडेमोड भरपूर असेल, तर तीन. दोन बसच्या वाटेला मी जाणार नाही. बेरजेला तरीही दोन टप्पे आणि एक तात्पुरतं रजिस्टर लागतंच. आणि पुढे पाइपलाइन (एक सूचना संपण्याआधीच पुढची सुरू करणं) घालायचा विचार असेल तर एक बस आत्ताच सोडा, कारण एक सूचना बसवर असताना दुसरीला ताटकळावंच लागेल.