कुंबळंगी नाइट्स: ह्यावेळी फक्त म्युझिकसाठी बघितला

काल रात्री कुंबळंगी नाइट्स हा मल्याळम पिक्चर परत लावला. पहिल्यांदा भांडुप ते सीएसएमटी लोकलमध्ये तीन-चार तुकड्यांत मोबाईलवर बघितला होता, तसा प्लीज बघू नका, कारण गाडीच्या खडखडाटात सुशिन श्यामचं बॅकग्राउंड म्युझिक अर्ध्याच्या वर ऐकूच येत नाही आणि ह्या पिक्चरचा जीव तिथेच आहे. काल लाईट बंद करून, हेडफोन लावून बसले आणि वेगळाच पिक्चर बघितल्यासारखं वाटलं.

2019 चा आहे, मधु सी. नारायणनचा पहिला पिक्चर, लिहिलाय श्याम पुष्करनने. कोचीजवळच्या खाडीतलं गाव, चार भाऊ, एकमेकांशी धड बोलत नाहीत, घराला दरवाजासुद्धा नाही. स्टोरी एवढीच सांगते.

गाण्यांत माझं लाडकं चेरातुकळ. चेरातुकळ म्हणजे छोटे दिवे. शब्द अन्वर अलीचे, गायलंय सितारा कृष्णकुमार आणि स्वतः सुशिनने. मला मल्याळम एक अक्षर कळत नाही तरी सिताराचा आवाज आला की घशात काहीतरी अडकतं, अगदी हळू, कोणीतरी बाळाला थोपटत असल्यासारखं गाणं, आणि सुशिन कुठे आवाज चढवून रडायला लावत नाही हे मला सगळ्यात आवडलं. उयिरिल तोडुम पण मस्त आहे, दोघांच्या प्रेमाचं, सकाळपासून तेच गुणगुणतेय.

फहाद फासिलचा शम्मी. आरशावरची टिकली तो ब्लेडने काढतो, एवढंच करतो, आणि आपल्या पोटात गोळा येतो. हा माणूस घरात असला की गोड चाल पण भीतीदायक वाटायला लागते, म्युझिकचं असं काम मी फार कमी ऐकलंय.

आई मध्येच येऊन बसली, हेडफोन काढून स्पीकर लावला. जाळी, होड्या बघून म्हणाली अगं हे तर आपल्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यासारखंच आहे की. थोरला भाऊ झालेला सौबिन शाहिर डॉक्टरला मिठी मारून रडतो तिथे ती पण रडली, सबटायटल इंग्लिश होते, मी एकही ओळ सांगितली नव्हती. रात्री खाडीचं पाणी निळं चमकतं तो सीन तिने दोनदा मागे घ्यायला लावला.

सव्वादोन तास लागतात, पहिली पंधरा-वीस मिनिटं जरा संथ वाटतील, तेवढी काढा. मी पाचपैकी पाच देते, आणि चेरातुकळ आता आईच्या मोबाईलमध्ये पण टाकून दिलंय.