ओढून लांब करायचा एफएम अँटेना: नऊ महिने वापरल्यावर

काटोलजवळच्या गावात, म्हणजे नागपूरपासून साठेक किलोमीटरवर, २० फुटी जीआय पाइपच्या टोकाला हा अॅल्युमिनियमचा डायपोल नऊ महिने उभा आहे. दोन बाजूंना दोन दांडे, प्रत्येक दांड्यात एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या, सांध्यावर आवळायची क्लिप. विविध भारतीच्या १००.६ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक दांडा ७१ सेंटिमीटर ठेवला की आवाज स्वच्छ येतो. ५८५ किलोहर्ट्झच्या मिडियम वेव्हसाठी मात्र हा घेऊ नका. ते स्टेशन रेडिओच्या आतली फेराइटची कांडी पकडते.

खरी कसोटी सांध्यांची. वादळाआधी किंवा वानरांच्या भीतीने दांडे आत सरकवायला जावं, तर पावसाळ्यानंतर ते जागचे हलत नाहीत. दोन नळ्यांमधल्या बारीक फटीत पाणी राहतं, अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. संत्र्याच्या बगीच्याशेजारी हे लवकर होतं, कारण झाडांवर बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचं तांबं अॅल्युमिनियमला खातं. फवारणीच्या दिवशी सांध्यावर प्लास्टिकची पिशवी बांधाच. वारा सुटल्यावर खरखर होऊ लागली, की सांधा धरत चालला असं समजा.

अडकलेला सांधा सोडवताना पाइपपाना लावू नका. पातळ नळी चपटी होते, मग ती कधीच सरकत नाही. क्लिप पूर्ण काढा, बाहेरच्या नळीच्या चिरेत पेचकस घालून ती अगदी थोडी उघडा. भुकटी नायलॉनच्या ब्रशने झाडा. पितळी ब्रशने तांब्याचे कण मागे राहतात. दांडा उभा धरून, सांध्याचं तोंड वर ठेवून डब्ल्यूडी-फोर्टी सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी लाकडी मोगरीने हलके ठोके द्या, मग पकड यावी म्हणून दोन्ही नळ्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा आणि पिळा. ओढायचं नाही, आधी पिळायचं, थोडं इकडे, थोडं तिकडे.

तरी हलला नाही, तर दोन दांड्यांमधला प्लास्टिकचा ठोकळा काढून ठेवा, आतल्या नळीला गार ओलं फडकं गुंडाळा आणि बाहेरच्या नळीवर उकळतं पाणी ओता. ७० अंशांनी तापल्यावर १६ मिलिमीटरची नळी ०.०२६ मिलिमीटरच फुगते, पण भुकटीचा थर फुटायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. तेल मारलेल्या सांध्याला पेटता दिवा किंवा गॅसचा टॉर्च दाखवू नका. कॉस्टिक सोडा तर नकोच, तो नळीच विरघळवतो.

सुटल्यावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने दोन्ही बाजू घासा, थिनरने पुसा, आणि वायरच्या टोकाला अॅल्युमिनियमची लग (जोडणीची टोपी) दाबताना वायरमन वापरतात ती पेस्ट बोटाने पातळ लावा. ग्रॅफाइटचं ग्रीस टाळा, त्याने गंज वाढतो. हे काम मृगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.

कंपनीने दिलेल्या क्लिपा लोखंडी आहेत आणि पहिल्याच पावसात गंजतात. अँटेना वर चढवण्याआधीच स्टेनलेसच्या घालून घ्या.