तीन ट्रेंचा जंगल-कुरण संच : अपधाव (जमिनीवरून वाहून जाणारं पाणी) नीट दिसतो, नदी अर्धीच कळते

शाळा-कॉलेजांच्या पर्यावरण प्रकल्पांसाठी ठाण्यात प्रयोगसाहित्याच्या दुकानांत हा संच मिळतो. ६० बाय ४० सेंमीचे, १५ सेंमी खोल तीन अ‍ॅक्रिलिक ट्रे, प्रत्येकाला मातीच्या पातळीवर एक आणि तळाशी एक तोटी, उतार बदलणारा स्टँड, ५ लिटरची टाकी, माती ठोकून दाबायची धुम्मस आणि मोजपात्रं. पहिल्या ट्रेत पालापाचोळ्याखालची जंगलाची माती, दुसऱ्यात न तुडवलेलं गवत, तिसऱ्यात गुरांनी तुडवलेलं कुरण. अ‍ॅमेझॉनमध्ये जंगल तोडून गुरं सोडली की ओढ्या-नद्यांचं काय होतं ते दाखवतो, असा दावा आहे. निम्मा दावा खरा आहे.

सोबतची माती वापरू नका. तिच्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आहे; तो तरंगून वरची तोटी तुंबवतो. घोडबंदर रोडच्या नर्सरीत मिळणारी लाल माती घ्या. कोकणातली जांभ्याची माती अ‍ॅमेझॉनच्या लाल मातीची बऱ्यापैकी जवळची: चिकणमाती असूनही लोहाच्या संयुगांनी तिचे बारीक कण बांधलेले, त्यामुळे निचरा वाळूसारखा. म्हणूनच ती बारीक चाळायची नाही. ५ मिमीची चाळणी पुरे. त्याहून बारीक केली की कणांची बांधणी मोडते आणि जंगलाचा ट्रेही कुरणासारखा वागतो.

भरताना डोळ्यांवर जाऊ नका, वजनावर जा. तळाशी २ सेंमी खडी, वर ८ सेंमी माती. जंगलाच्या आणि गवताच्या ट्रेला कोरडी माती १९ किलो, कुरणाला तेवढ्याच जाडीत २५ किलो. ही जास्तीची ६ किलो म्हणजेच गुरांचे खूर. २५ किलोंत अडीच लिटर पाणी कालवून दोन थरांत धुमसा. मुठीत गोळा व्हावा पण तळहात ओला होऊ नये, इतकाच ओलावा. कोरडी माती दबत नाही, चिखल नुसता सरकतो. कडेने ओल्या चिकणमातीची वात दाबून बसवा, नाहीतर पाणी माती सोडून अ‍ॅक्रिलिकच्या फटीतून खाली उतरतं आणि सगळे आकडे फसवे येतात.

आता पाऊस. या ट्रेवर १ मिमी म्हणजे २४० मिली, म्हणजे टाकीभर पाणी जेमतेम २१ मिमी. टाकीची तोटी पूर्ण उघडली की ती १० मिनिटांत रिकामी होते: ताशी १२५ मिमी, चक्क ढगफुटी. अर्ध्या तासात संपेल एवढीच उघडा. पहिली टाकी माती भिजवण्यासाठी, मोजायची दुसरी. दर मिनिटाला वरच्या आणि तळाच्या तोटीचं पाणी वेगळं मोजा. कुरणाच्या ट्रेत वरून लगेच गढूळ धार लागते. जंगलाच्या ट्रेत वर जवळजवळ काही नाही, तळातून उशिरा, स्वच्छ आणि बराच वेळ. हा भाग संच उत्तम दाखवतो. मात्र मातीची धूप खरी दिसत नाही, कारण हातभर उंचीवरून पडणाऱ्या थेंबाला वेग नसतो.

बांधणीतली चूक मोठी आहे. भिजलेला कुरणाचा ट्रे ३५ किलोंच्या पुढे जातो. त्या ओझ्याने ४ मिमीचं अ‍ॅक्रिलिक मधोमध झोळ धरतं आणि पाणी तिथेच साचतं. खाली प्लायवूड घालावाच लागतो. तळाच्या तोटीची जाळीही गाळाने बुजते. ती बुजली की ट्रे खालून भरतो आणि तिन्ही ट्रे सारखेच वाहू लागतात.

संचासोबतची पुस्तिका मात्र सरळ चुकते. ‘जंगल तोडलं की नदी आटते’ म्हणे! लहान पाणलोटात वर्षाचा एकूण प्रवाह उलट वाढतो. सदाहरित झाडांची मुळं पूर्व अ‍ॅमेझॉनमध्ये ८ मीटरखालूनही पाणी ओढतात आणि कोरड्या महिन्यांतही ते हवेत सोडतात. कुरणाच्या गवताला ते जमत नाही. उरलेलं पाणी ओढ्याला मिळतं. ब्राझीलच्या टोकँटिन्स नदीवर पोर्तो नासिओनालच्या वरच्या खोऱ्यात १९४९-६८ आणि १९७९-९८ यांची तुलना झाली आहे. पावसात लक्षणीय फरक नाही, प्रवाह सुमारे २४ टक्के जास्त, पुराचा कळस महिनाभर आधी. दरम्यान शेती-चराईखालची जमीन ३० टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेली होती. (ते खोरं मुख्यतः सेराडोचं, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाचं, घनदाट जंगलाचं नव्हे, पुस्तिकेत उदाहरण घालायचंच तर हेही छापा.) नदी आटण्याची भीती येते ती तोड प्रचंड पसरली की: झाडांनी हवेत सोडलेली वाफ कमी होते आणि पाऊसच घटतो. ट्रेत हे दिसणं शक्य नाही.

मुळांचा भाग थोडाफार दाखवता येतो. एका ट्रेत दाट पानांची रोपं, दुसऱ्यात गवत लावा, रुजू द्या, भिजवून निथळू द्या आणि रोज भंगारवाल्याकडे असतो तसल्या काट्यावर तोला. २४० ग्रॅम घट म्हणजे १ मिमी पाणी हवेत गेलं. आठ सेंमी मातीत खोल मुळांचा फरक येणार नाही, पण नदीच्या हिशेबात हवेत जाणारं पाणी धरायचं असतं, एवढं पोरांना कळतं.

हे आकडे ठाण्यालगतच्या, राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्या येऊरच्या जंगलाला चिकटवू नका. तिथे माती उथळ, खाली बसाल्ट, पाऊस चार महिन्यांतच. जुलैत माती भरली की जंगलातूनही पाणी वरून वाहतं. माती आणायलाही तिकडे जाऊ नका, राष्ट्रीय उद्यानातून ती उचलता येत नाही.

भूगोलाच्या प्रयोगशाळेसाठी घ्यायला हरकत नाही. घेताना दोन जास्तीच्या जाळ्या मागून घ्या, आणि ट्रे ६ मिमी जाडीचे मिळत असतील तर तेच घ्या.