प्रागचा सहा तासांचा लेओव्हर आणि गेलेले 1600 कोरुना

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण लाज वाटते. घरातल्या सगळ्यांचे फॉर्म मी भरते, "सही करायच्या आधी वाचत जा" असं सगळ्यांना मीच सांगते, आणि न वाचता सही केली ती पण मीच. पण कोणी प्रागला (चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत) पाच-सहा तास थांबणार असेल आणि विमानतळावर बसण्यापेक्षा शहर बघून येऊ म्हणत असेल तर हे वाचाच.

आई आणि मी होतो. विमान 12:40 ला उतरलं, पुढचं कोपनहेगनचं 18:50 ला. पुढचा प्रवास शेंगेनमधलाच (युरोपातले असे देश ज्यांच्या आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट तपासत नाहीत) असल्याने इमिग्रेशन प्रागलाच होतं, त्यामुळे बाहेर पडायला वेगळी भानगड नव्हती. 59 नंबरची ट्रॉलीबस, मग वेलेस्लावीन स्टेशनवरून मेट्रोची ए लाइन, स्तारोमेस्त्स्का स्टेशनला उतरायचं. तिथून जुना चौक पायी पाच मिनिटं. आईला तिथलं ते 1410 सालचं घड्याळ बघायचं होतं, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल म्हणाली.

आता युरो देऊन कोरुना, म्हणजे तिथलं चलन, घेतलेच कशाला हे विचारायच्या आधी ऐका. विमानतळावर भाव वाईट मिळतो, शहरात बदला, हे दहा ठिकाणी वाचलं होतं. कार्डवर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनात खर्च केल्याचा जादा आकार) लागतो, तो वाचवायचा होता. आईला सारखं टॉयलेटला जावं लागतं आणि तिथे सुट्टी नाणी लागतात. शिवाय परतीला प्रागमध्ये एक रात्र राहायचं होतं म्हणून एकदमच 200 युरो काढले. यात वेडेपणा काय होता मला अजूनही कळत नाही.

चौकाजवळच्या गल्लीत पैसे बदलायची खिडकी. वर मोठ्या अक्षरात "0% कमिशन", त्याखाली ठळक आकडा 24.80, म्हणजे एका युरोला इतके कोरुना. तो आकडा ते युरो विकतात त्याचा, आपले युरो घेतात त्याचा नाही! घेण्याचा भाव शेजारच्या बारीक रकान्यात होता.

आणि तो क्षण. आतल्या बाईने नोटा द्यायच्या आधी पावती पुढे सरकवली, त्यावर पेन ठेवलं आणि बोटाने सहीची जागा दाखवली. तिचं बोट जिथे होतं त्याच्या बरोब्बर वरच्या ओळीत 16.50 छापलं होतं. माझ्या डोळ्यासमोर होतं ते. पावतीवरची वेळ 14:51. तीनला घड्याळातल्या बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, आई बाहेरून "अगं चल लवकर, लोक जमलेत" म्हणत होती, आणि मी सही केली. आईचा दोष नाही यात काही, पण माझ्या हातात पेन होतं तेव्हा मान खाली करून एक ओळ वाचायला पाच सेकंद लागली असती. ती पाच सेकंद मला रोज आठवतात.

हातात 3300 आले. खरा भाव तेव्हा साधारण साडेचोवीस होता, म्हणजे 4900 च्या आसपास यायला हवे होते. 1600 कोरुना गेले, म्हणजे 65 युरो, जवळजवळ एक तृतीयांश. साडेतीन टक्के वाचवायला गेले होते मी.

कळलं कधी तर घड्याळ बघून झाल्यावर कॉफी प्यायला बसलो तेव्हा. मेनूवर दोन्ही भाव लिहिलेले, 6 युरो किंवा 150 कोरुना. म्हणजे 25. मी पर्समधून पावती काढली आणि पोटात गोळाच आला. आई विचारतेय काय झालं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

3:20 ला परत खिडकीवर. बाई म्हणाली, सही केलीय, कॅन्सल होत नाही. चौकात दोन पोलीस उभे होते, त्यांना पावती दाखवली. एकाने बघितलीही नाही नीट, म्हणे हा गुन्हा नाही, तुमचा आणि दुकानाचा व्यवहार आहे. मी म्हटलं निदान माझ्यासोबत तिथवर चला, चाळीस पावलांवर आहे. नाही. विमानतळावर मदत कक्षातल्या मुलाने शहराचा नकाशा हातात दिला. नकाशा!

आणि मग गेटवर शेजारी बसलेल्या एका चेक आजोबांनी पावती मागितली, वेळ बघितली, मग स्वतःचं घड्याळ बघितलं. 17:35 झाले होते. त्यांनी सांगितलं की 1 एप्रिल 2019 पासून तिथे कायदाच आहे, 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत काहीही कारण न देता रद्द करता येतो, पावती दाखवायची, पैसे परत मिळतात. तीन तास! मी खिडकीवर गेले तेव्हा अर्धा तासच झाला होता. ती बाई सरळ सरळ खोटं बोलली, आणि रोज त्या चौकात उभे राहणाऱ्या पोलिसांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. सोळा मिनिटं उरली होती आणि शहर चाळीस मिनिटांवर.

घरी आल्यावर ईमेलने तक्रार केली. 23 दिवसांनी चेक भाषेत उत्तर आलं, भाषांतर करून वाचलं तर तीन तासांत स्वतः दुकानात जायला हवं होतं म्हणे. अहो गेले होते ना! त्याचा पुरावा काय, म्हणे. म्हणून सांगते, खिडकीवर परत जाल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवा. आणि पैसे द्यायच्या आधी फक्त एवढंच विचारा, "200 दिले तर हातात किती?", आकडा कागदावर लिहून घ्या. बोर्डाकडे बघूच नका. रस्त्यात कोणी जास्त भाव देतो म्हणून जवळ आला तर थांबू पण नका, त्या नोटा दुसऱ्याच देशाच्या निघतात, आणि तिथे पावती नसल्याने हा कायदाही कामाचा नाही. खरं तर लेओव्हरपुरतं कार्डच वापरा, मशीनने आपल्या कार्डाच्या चलनात की कोरुनात विचारलं तर कोरुनाच दाबा.

परतीला त्याच गल्लीतून गेलो. बोर्ड तोच, 24.80. एक जोडपं रांगेत होतं, त्यातल्या माणसाच्या हातात पन्नासच्या नोटा. मी माझी पावती त्यांच्यासमोर धरली आणि 16.50 वर बोट ठेवलं. त्याने मोबाइलवर हिशोब केला आणि नोटा पाकिटात परत ठेवल्या. आतून बाई काहीतरी ओरडली. आई म्हणाली चल आता, पण मी अजून वीस मिनिटं तिथेच उभी होते.