खेळणी धुताना: साबणाचं पाणी की ब्लीच?

रांगणारं बाळ प्रत्येक खेळणं आधी तोंडात घालतं, म्हणून ते कशाने धुवायचं याचा विचार करायलाच हवा. माझं मत स्पष्ट आहे: रोजच्यासाठी कोमट पाणी आणि भांडी घासायचा साधा साबण पुरे. साबणाने तेलकट थर सुटतो आणि त्याला चिकटलेले बरेचसे जंतू पाण्याबरोबर वाहून जातात. खाचांसाठी मऊ टूथब्रश घ्या, भरपूर पाण्यात खळबळा आणि पूर्ण वाळू द्या.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारतं. पण घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील तरच प्लॅस्टिकच्या खेळण्यांसाठी ते बाहेर काढावं. त्याआधी साबणाने धुवायचंच, कारण मळ राहिला तर ब्लीचची ताकद त्यातच खर्च होते. बाटलीवरच्या प्रमाणात, थंड पाण्यात, त्याच दिवशी मिसळा. सांगितलेला वेळ खेळणं ओलं ठेवा आणि मग पुन्हा स्वच्छ धुवा. खिडकी उघडी हवी, बाळ लांब हवं. व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्यात कधीही मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

सावंतवाडीची लाकडी खेळणी मात्र कशातच बुडवू नयेत, लाकूड फुगतं. साबणाच्या पाण्यातून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा. बॅटरीच्या खेळण्यांचंही तसंच. आंघोळीच्या रबरी बदकातून काळी बुरशी बाहेर आली, तर ते सरळ टाकून द्या.