नवा डिशवॉशर, जुनी जोडणी: काय ठेवायचं, काय बदलायचं

आमच्या इंदूरला नवा डिशवॉशर घरी आला की प्लंबर पहिल्यांदा हेच विचारतो, "भाभीजी, पुराने में ही लगा दूँ?" घाईत "हो" म्हणू नका. पाणी आत येण्याची सोय बरेचदा जुनी चालते, सांडपाण्याची मात्र पुन्हा तपासूनच जोडून घ्यावी.

आधी आत येणारं पाणी. जुना अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या पाइपवरचा छोटा बंद-चालू नळ, ठेवला तर खर्च नाही. पण तो खरंच बंद होतो का ते बघा. कॉक पूर्ण बंद करून नळी काढा, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि अर्ध्या तासानं पाहा. आमच्या कागदावर रुपयाएवढे दोन डाग पडले होते. कित्येक वर्षं बोअरिंगचं पाणी वापरल्यानं कॉकच्या दांडीवर पांढरा थर चढला होता. मग सिंकच्या कॉकच्या जागी टू-वे कॉक बसवला. एका तोंडावर सिंकचा नळ, दुसऱ्यावर मशीन, आणि दोन्ही वेगवेगळे बंद करता येतात. नुसता टी (एका पाइपाला दोन फाटे देणारा जोड) त्याहून स्वस्त पडतो, पण मशीन बिघडलं की सिंकचंही पाणी बंद करावं लागतं. मी तो घेणार नाही.

मशीनच्या नळीचा नट पाऊण इंची असतो, आपला कॉक बहुधा अर्धा इंची. त्यासाठी मधे अ‍ॅडॅप्टर लागतो. टेफ्लॉन टेप अर्धा इंची आट्यांवरच गुंडाळा. नळीच्या नटात रबरी वॉशर असतो, गळती तोच थांबवतो. जुन्या मशीनची नळी नव्याला लावू नका. नळीच्या टोकाला प्लास्टिकचा जाड डबा असेल तर त्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, ती नळी कधीही कापायची नाही. आरओची नळीही जोडायची नाही, तिच्यातून पाणी फार हळू येतं. जड पाण्यासाठी मशीनमध्येच मिठाचा कप्पा असतो, तो भरलेला ठेवा.

टाकी गच्चीवर आणि तुम्ही सर्वात वरच्या मजल्यावर असाल तर माहितीपत्रकातला पाण्याचा दाब आधी वाचा. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे टाकी 3 मीटर वर असेल तर जेमतेम 0.3 बार. काही मशीनना तेवढा पुरतो, काहींना नाही. न पुरल्यास प्रेशर पंपाचा खर्च धरूनच मशीन निवडा.

आता सांडपाणी. ते सिंकखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये (थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारा बाटलीसारखा भाग) सोडावं की मोरीच्या जाळीत? मोरी सोपी वाटते, पण नळीचं तोंड जमिनीलगत राहिलं तर पाणी आपोआप ओढलं जातं आणि मशीन भरता भरताच रिकामं होत राहतं. म्हणून बऱ्याच मशीनच्या सूचनांमध्ये सांडपाण्याची नळी जमिनीपासून किमान साधारण 40 सेंटिमीटर वर ठेवायला सांगितलेलं असतं. मोरीच हवी असेल तर तेवढा उंच उभा पाइप, खाली स्वतंत्र ट्रॅप, आणि नळी त्यात सैल सोडलेली. स्वतःचं घर असेल आणि ओटा नव्यानं होत असेल तर मी हेच करेन, कारण सिंक तुंबलं तरी मशीनला त्रास होत नाही.

भाड्याच्या घरात बॉटल ट्रॅप बरा. त्याच्या बाजूच्या तोटीला नळी लावून क्लिप घट्ट करायची. नळी खाली येण्याआधी ओट्याच्या खालच्या बाजूला जितकी उंच जाईल तितकी बांधा, नाहीतर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये शिरतं. नव्या ट्रॅपच्या तोटीत प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. दुकानातून आलेल्या फिटरनं आमच्याकडे तो कापलाच नाही. पहिल्याच फेरीत मशीन अडलं, तळाशी करडं पाणी साचलं आणि ते आम्ही वाटीनं उपसलं. नळी चढवण्याआधी त्या तोटीत बोट घालून बघा.

विजेचा पॉइंट 16 अँपियरचा, अर्थिंग असलेला, मशीनच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवा. पहिली फेरी भांड्यांशिवाय लावा आणि पाणी बाहेर पडताना टॉर्च घेऊन ओट्याखाली बसा, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून.