मारुती ८००चं हेड काम, भोसरीतल्या गॅरेजचा अनुभव

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी तापली, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील) गेलंच. आधीच्या मेकॅनिकने न खोलताच नवीन हेड टाका सांगितलं होतं. भोसरीतल्या या मिस्त्रींनी मात्र हेड उतरवून माझ्यासमोर सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून दाखवलं, मधे वाकलेलं होतं पण क्रॅक नव्हता. अ‍ॅल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतंच. मग प्रेशर टेस्ट करून फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला पाठवलं, सहाही व्हॉल्व घासून बसवले, सील नवीन, टाइमिंग बेल्टपण बदलला कारण तो काढावाच लागतो ना. सगळ्यात आवडलं ते बोल्ट आवळणं, टॉर्क रेंचने (मोजून जोर लावणारा पाना) मधल्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, अजिबात घाई नाही. आणि गाडी मुळात का तापली तेही शोधलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व) अडकला होता.

तीन दिवस सांगून पाच लावले, फोनपण उचलत नव्हते, तेवढं सुधारा दादा. बिल सांगितलं तेवढंच. आता दोन महिने झाले, कूलंट एक थेंब कमी नाही.